दोन कोरे पंधरवडे

अंबाडीच्या रस्त्याला अजून थोडी भातखाचरे शिल्लक आहेत. दोन गोदामांच्या पत्र्यांमध्ये अडकलेली, कुणाच्या तरी वाटणीचा निकाल लागायचा राहिला म्हणून वाचलेली. यंदा कार्तिकात एका लग्नाहून परतताना गाडीची काच खाली केली आणि कापलेल्या भाताचा वास आत आला. ओलसर, थोडा गोड, थोडा धुळकट. या वासाने माणसे हळवी होतात असे म्हणतात. मला त्याने राग येतो. पन्नास वर्षे होत आली, तरी दर वर्षी येतो, आणि दर वर्षी तो नव्यासारखा असतो.

वास्तविक मी रागीट म्हणून कुणालाच ठाऊक नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा आवाज घशातच घुटमळतो. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मीठ मागायचे राहून जाते. त्यामुळे हा राग मी इतकी वर्षे कुणाला दाखवला नाही. कापणी संपली की तोही भाताच्या भाऱ्यांच्या उडवीसारखा रचून ठेवायचा, अशी सवय लागली होती.

यंदा ती सवय मोडली. घरी पोचले तर मागच्या खोलीत भाड्याने राहणारी सुनंदा पायरीवर बसली होती. ती वडप्याच्या गोदामात पॅकिंगचे काम करते. तिच्या पित्ताशयात खडे आहेत आणि त्यांची शस्त्रक्रिया कामगारांच्या दवाखान्याच्या कार्डावर व्हायची होती. तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर तीनच शब्द होते: नोंद आढळली नाही.

"बघा ना आजी," ती म्हणाली, "हा म्हनतो मी न्हायच."

"किती वर्षं जातेस तिथे?"

"सात. मधी कापणीला गेलते तेवढंच. दर साली जाते. सासऱ्याचं येवढंसं शेत हाय, त्याला काय मजूर लावायचा."

तिने ते सहज सांगितले. मी मात्र तिच्या शेजारी पायरीवर बसले. कापणीला गेलते तेवढंच. हेच वाक्य, याच महिन्यात, मी पूर्वी एकदा ऐकले होते. तेव्हा ते ऐकायला मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते.

सत्तर ते ऐंशीच्या मधली ती वर्षे. तर्कशास्त्रात एम.ए. होऊन मी बारा वर्षे घरातच होते. चौतिसाव्या वर्षी भिवंडीतल्या एका कचेरीत मला पहिली नोकरी लागली. यंत्रमाग कामगारांच्या नोंदी ठेवणारी ती कचेरी. खालच्या मजल्यावर सुताची वखार, वर आम्ही. चारी बाजूंना माग. त्यांचा खडखडाट इतका अखंड की शुक्रवारी दुपारी वीज बंद झाली म्हणजे कानात दडे बसल्यासारखे वाटे. खिडकीच्या गजांवर, शाईच्या दौतीत, डब्यातल्या भातावर कापसाचा बारीक कोंडा बसे. पहिल्या आठवड्यात मी तो झटकत असे. नंतर झटकणे सोडले.

नोकरी लागताच मला मुंबईला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला धाडले. एका मोठ्या गारेगार खोलीत एक यंत्र होते, आणि त्या यंत्राच्या फितींवर आमच्या कामगारांची हजेरी साठवली जाणार होती. हजेरी आधी कार्डांवर उतरवायची: एका माणसाचे, एका पंधरवड्याचे एक कार्ड, ठरावीक जागी ठरावीक भोके. मग त्या साठ्याला प्रश्न कसा विचारायचा, ते आम्ही शिकायचे. माझ्या वर्गातली सगळी मुले वीस-बावीसची. ती भराभर लिहीत, भराभर चुकत आणि हसत. मी शेवटच्या बाकावर, पेन्सिलीने, एकेका चौकोनात एकेक अक्षर भरीत असे आणि माझा कागद कुणी पाहू नये म्हणून त्यावर कोपर ठेवीत असे.

पण मला ते आवडले. हे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही. इतकी वर्षे मनातल्या मनात जी शिस्त सांभाळली होती, ती इथे कुणालातरी हवी होती. अमुक असेल तर तमुक. नसेल तर पुढचा माणूस घे. बोलताना माझी त्रेधा उडे, आणि इथे बोलायचे नव्हतेच. चार ओळी लिहायच्या, कागद द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी शेकडो माणसांमधून नेमकी हवी ती माणसे वेगळी होऊन, रुंद कागदावर नावानिशी छापून येत. आमचे शिक्षक म्हणत, प्रश्न तारेसारखा असावा. एक शब्द अधिक नको. एकदा त्यांनी माझा कागद वर्गाला दाखवला. "हे पाहा. बाईंनी तीन ओळींत केलंय." त्या दिवशी घरी परतेपर्यंत माझे कान तापलेले होते. आखूड प्रश्नाचा मला जो अभिमान जडला, तो तिथे.

आश्विनात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. कामगारांसाठी छातीच्या दवाखान्यात काही खाटा राखून मिळाल्या होत्या. क्ष-किरण तपासणी, औषध, खाट, सगळे कार्डावर. कार्ड कोणाला, तर वर्षभर कामावर असलेल्या कामगाराला. यादी लगेच हवी होती.

"तुमच्या मशीनला विचारा," साहेब म्हणाले. "आणि थोडक्यात विचारा. मंगळवारी कागद मुंबईला गेला पाहिजे."

वर्षभर कामावर असणे, हे दोन तऱ्हांनी विचारता आले असते. वर्षातले कामाचे सगळे दिवस मोजायचे, किंवा मध्ये खंड पडला का ते पाहायचे. पहिली तऱ्हा लांबलचक होती, सात-आठ ओळींची. दुसरी देखणी होती. लागोपाठ दोन पंधरवड्यांची कार्डे कोरी आली, की तो माणूस काम सोडून गेला असे समज आणि त्याला वगळ. चार ओळी झाल्या. त्याखाली प्रश्न तयार करणाऱ्याची सही, अशी जागा होती. मी सही केली. साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "व्वा. सुटसुटीत."

मी भिवंडीत दहा वर्षे संसार केला होता. कार्तिक लागला की दूधवाला आठ दिवस दांडी मारतो, भांडी घासणारी रखमा महिनाभर दिसत नाही, दापोड्याकडून सायकलींवरून येणारी माणसे दिसेनाशी होतात आणि गल्लीतले निम्मे माग गप्प होतात, हे मी दर वर्षी पाहत आले होते. मागांचा आवाज विरळ झाला की आम्हा बायकांना कळे, कापणी सुरू झाली. हे सगळे मला ठाऊक होते. सही करताना त्यातले काहीही आठवले नाही. ते ज्ञान स्वयंपाकघरातले होते आणि कागद कचेरीतला होता.

यादी आली. कचेरीच्या दारावर लावली. माणसे येत, वाचता येणाऱ्याला पुढे घालून नाव शोधत, नि परत जात. तिसऱ्या दिवशी एकजण परत न जाता आत आला. उंच, वाकलेला, खांद्यावर टॉवेल, टॉवेलावर कापसाचा कोंडा. दारातच थांबून तो खोकला. तो खोकला संपेपर्यंत आम्ही सगळे आपापल्या कागदांकडे पाहत राहिलो.

"बाई, हसुराम दापोड्याचा," तो म्हणाला. "माजं नाव तेवढं राहिलंय. डाक्तर बोलला, कार्ड आन, लगेच खाट देतो."

मी माझ्या प्रतीत पाहिले. नव्हते. "तुम्ही मधे काम सोडलं होतंत का?"

"कवा?"

"गेल्या वर्षी. दोन पंधरवडे कोरे आहेत."

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. एखाद्या लहान गैरसमजाचे उत्तर सापडावे तसा. "ते व्हय? कापणीला गेलतो तेवढंच. कापणी, झोडणी, मंग परत. अकरा वर्सं येकाच शेडात हाय मी. त्येच चार माग. इचारा ना मेहताजींना."

"मशीनमध्ये तसं नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी म्हणाले. दुसऱ्या कुणीही नाही. मऊ आवाजात, ओशाळून, पण मीच. त्याने समजुतीने मान हलवली. चूक त्याचीच असावी अशी. "बरं," तो म्हणाला. "मशीनला म्हाईत नसल."

त्याचा तो समजूतदारपणा मला आजही सहन होत नाही. तो ओरडला असता, त्याने टेबलावर मूठ आपटली असती, तर माझ्या वाटणीचा राग कमी झाला असता.

दुसऱ्या दिवशी इद्रीसचाचा आले. हसुरामच्या कारखान्याचे ते मेहता, म्हणजे हजेरी लिहिणारे. आझमगडकडून तरुणपणी आलेले, मराठी आणि हिंदी एकाच ताटात जेवावी तसे बोलणारे. बगलेत हजेरीची जाड वही होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर उघडली.

"देखो बाई. हे कार्तिक. हे पिछला कार्तिक. हे त्याच्या मागचं." दर वर्षाच्या त्या पानावर हसुरामपुढच्या रिकाम्या चौकोनांवरून एक आडवी रेघ ओढलेली होती आणि रेघेवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: कापणी. फक्त हसुरामपुढे नव्हे. दापोडे, वडपे, आसपासच्या सगळ्या गावांच्या माणसांपुढे. आझमगडच्या माणसांपुढे उन्हाळ्यात तशीच रेघ होती, आणि तिच्यावर: मुलुख.

"हे लिहिलेलं कार्डावर का नाही आलं?" मी विचारले.

"मैं काय जाणू? तुमचा माणूस आला, नकलून घेऊन गेला. बोलला, चाचा, हाजिर किंवा गैरहाजिर, दोनच भोक आहेत. मी बोललो, भाई, कापणीला तिसरा भोक पाड. हसला."

मग त्यांनी दारावरच्या यादीकडे हनुवटी उडवली. "आणि ते नाव बघितलं? आमच्या शेठचा भाचा. साल में एक नागा नाही. मागाचा धोटा कोणत्या हाताने धरतात विचारा त्याला. फॅक्टरी ॲक्टच्या कागदावर डोकी दाखवायची होती म्हणून नाव टाकलेलं, रोज हाजिर लिहितो मी. त्याला खाट मिळणार. छाती तो घोड़े जैसी है उसकी."

चाचा वही मिटत म्हणाले, "एक बात सांगा. ही मशीन, तिचा काय गाव नाही का?"

कचेरीतली सगळी हसली. मीही हसले असेन. पण त्या दिवशी प्रथमच मला माझ्या चार ओळी जशा होत्या तशा दिसल्या. ज्याला परतायला घर आहे, ज्याचे शेत पिकते, ज्याची म्हातारी वाट पाहते, असा प्रत्येक माणूस मी त्या देखण्या प्रश्नाने वेचून बाहेर काढला होता. उरले होते ते कुठेच न जाणारे, आणि मुळात नसलेले.

साहेबांच्या केबिनच्या दारापाशी मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले.

"साहेब, यादी चुकली आहे."

"मशीन चुकत नाही, बाई."

"मशीन नाही चुकलं. प्रश्न चुकला."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. वेळेवर येत, मोठ्याने बोलत नसत. "प्रश्न तुमचा होता ना? खाली सही तुमची आहे. यादी वर गेलेली आहे. बदलायची तर कारण द्यावं लागेल. लिहून द्या, की मी चूक केली. मग पाहू." आणि थोड्या वेळाने, जवळजवळ मायेने, "तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, हे लक्षात ठेवून लिहा."

मी घरी आले. त्या संध्याकाळी कागद घेऊन बसले, आणि लिहिले नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. कारणे पुष्कळ होती आणि सगळी तर्कशुद्ध होती. बारा वर्षांनंतर मिळालेली नोकरी. माझ्यामागून येणाऱ्या बायकांचे काय. नवा प्रश्न आधी नीट जुळवावा, मग लिहावे. भित्र्या माणसाला तर्कशास्त्र शिकवू नये. तो त्याची कुलपे करतो.

तोवर बाहेर हंगाम आपल्या गतीने चालला होता. भारे वाहिले गेले. खळ्यांवर झोडणी झाली. सकाळी माग पुन्हा एकेक करून बोलू लागले, गल्ली भरत गेली, सायकली परतल्या. त्या सायकलींत हसुरामची नव्हती. रखमा नव्या तांदळाची पसाभर पुडी घेऊन आली आणि म्हणाली, "यंदा लांबलं, वहिनी." मी तो तांदूळ शिजवला. त्याचा वास घरभर पसरला आणि मी माझे ताट तसेच झाकून ठेवले.

पौष अर्धा उलटल्यावर चाचा जिन्यावर भेटले. मी विचारण्यापूर्वीच म्हणाले, "घरी पडलाय. कापणी अर्धी टाकून पडला. खून थुंकतो." आणि उतरून गेले. त्यांनी मला दोष दिला नाही. भिवंडीत त्या हंगामात मला कुणीच दोष दिला नाही, म्हणून आज मला तो स्वतः द्यावा लागतो.

त्या दुपारी मी लिहून दिले. 'प्रश्न मी तयार केला. तो चुकीचा होता. चूक यंत्राची नाही व कामगारांचीही नाही.' तीन वाक्ये, तारेसारखी. सोबत नवा प्रश्न जोडला. तो नऊ ओळींचा झाला, बेढब, मध्येच कापणीचे आणि उन्हाळ्याचे पंधरवडे वेगळे काढणारा. त्यातली खरी ओळ एकच होती: कोऱ्या पंधरवड्यांनंतर तोच माणूस त्याच कारखान्यात पुन्हा हजर आहे का? पहिल्या कागदात मी, तो गेला का, एवढेच विचारले होते. परत आला का, हे विचारायचे सुचले नव्हते.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. "हे लांब झालं," ते म्हणाले. पण कागद मंगळवारी गेला. उत्तर आले तेव्हा रुंद कागदाच्या घड्या उलगडत उलगडत टेबलावरून जमिनीवर पोचल्या. इतकी माणसे. शिपायाने त्या गोळा करून दिल्या. दापोड्याचा हसुराम त्यात होता. भाचाही होता; त्याला वगळणारा प्रश्न मला आजपर्यंत लिहिता आलेला नाही. नोकरीत मला आणखी एक वर्ष कायम केले नाही. ही शिक्षा इतकी लहान होती की तिच्या भीतीने मी दोन महिने गप्प बसले, हे मला कुणाला सांगवत नसे.

कार्ड चाचांनी स्वतः दापोड्याला नेले. खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, एक बाजू गेली. आधी आला असता तर. डॉक्टर हे वाक्य सवयीने म्हणतात, पण ते प्रत्येक वेळी कुणाच्या तरी नावावर चढते.

पुढच्या कार्तिकात, माग विरळ झाले असताना, हसुराम कचेरीत आला. आणखी वाकलेला, पण चालता. आता मागावर उभे राहणे होत नव्हते. चाचांनी त्याला बसून सुताच्या कांड्या भरायचे काम दिले होते. त्याने कार्ड माझ्यापुढे ठेवले. पुढच्या वर्षाचा शिक्का हवा होता.

"कापणीला नाही गेलात?" मी विचारले. दुसरे काय विचारावे ते सुचेना.

"पोरं गेलीत. मना आता इळा धरवत न्हाय, बाई. वाकलो का दम लागतो." शिक्का बसताना तो निरखून पाहत होता. मग कार्ड टॉवेलात गुंडाळता गुंडाळता, अगदी साधेपणाने, मला बरे वाटावे म्हणून म्हणाला, "आता काय भ्या न्हाय. आता सलग हाय मी. तुमच्या मशीनला सांगा, हसुराम कुठं जात न्हाय."

आज दापोड्यात गोदामे आहेत. ज्या खाचरांसाठी तो दर वर्षी कोरा पडत असे, त्यांवरून आता ट्रक वळतात. कार्डे गेली, फिती गेल्या, ते गारेगार खोलीतले यंत्र आता सुनंदाच्या मुठीत मावते. प्रश्न विचारायला मंगळवारची वाट पाहावी लागत नाही. निमिषार्धात उत्तर येते, आणि ते तेच येते. इतक्या वर्षांत यंत्रे इतकी शहाणी झाली आणि त्यांना अजून कार्तिक माहीत नाही. मला सर्वांत चीड येते ती याहून लहान गोष्टीची. माझ्या चुकलेल्या प्रश्नाखाली सहीची जागा होती. हसुरामला, इच्छा असती तर, जिना चढून येऊन त्या सहीच्या बाईकडे बोट दाखवता आले असते. सुनंदाच्या फोनवर खाली काहीच नाही. प्रश्न कोणी लिहिला, काय लिहिला, कशाला खंड म्हटले, हे तिला कुणी सांगत नाही. तिला फक्त उत्तर दाखवतात, की ती नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर कामगारांच्या दवाखान्यात गेले. काचेच्या पलीकडे एक तरुण गृहस्थ होते, चेहऱ्याने सुसंस्कृत. त्यांनी सुनंदाचा क्रमांक दाबला, पडदा पाहिला आणि मऊ आवाजात, ओशाळून म्हणाले, "मॅडम, सिस्टीममध्ये तसं नाही."

तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता.

"सिस्टीमला काय विचारलं आहे ते मला वाचून दाखवा," मी म्हणाले. "आणि ते कोणी लिहिलं, त्याचं नाव सांगा."

"आजी, ते वरून येतं. ते आम्हाला पण दिसत नाही."

"मग वर लिहून द्या, की विचारणाऱ्याची चूक आहे. ही सात वर्षं दर कापणीनंतर परत आली आहे, हे त्यात घाला. खाली तुम्ही सही करा. तुम्हाला भीती वाटत असेल, तर शेजारी मी करते."

माझा आवाज मोठा नव्हता. तो कधीच होणार नाही. पण मागच्या रांगेतली माणसे पुढे सरकून ऐकू लागली होती. त्या गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिले, आणि मग म्हणाले, की थोडा वेळ लागेल.

"लागू द्या," मी म्हणाले. सुनंदाने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी पिशवीतून पेन काढले, त्याचे टोपण उघडून ठेवले, आणि बसले.